चप्पल चावेपर्यंत

माझ्या थोरल्या साडूंनी जन्मात एकाच गोष्टीवर डोळे झाकून विश्वास ठेवला, आणि ती गोष्ट म्हणजे त्यांचा स्वतःचा संशय. बाकी सगळं त्यांच्या लेखी तपासणीखाली असतं. दूध, डॉक्टर, घड्याळ, हवामान खातं, लग्नाचा मुहूर्त आणि मी. माझी तपासणी तर लग्नाच्या आधीच झाली. मुलगी दाखवायचा कार्यक्रम सोयीचं पडतं म्हणून कोल्हापुरात बायकोच्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे आक्काच्या घरी ठेवला होता. पोहे झाले, चहा झाला, नाव-गाव-नोकरी विचारून झाली, आणि कोपऱ्यात हाताची घडी घालून बसलेले एक गृहस्थ पहिल्यांदाच बोलले, "पावणं, जरा त्या नळापतोर जाऊन हात धुऊन या की." माझे हात स्वच्छ होते, पण परक्या घरात वाद कशाला, म्हणून मी अंगणातल्या नळापर्यंत गेलो आणि आलो. तर म्हणतात, "आता जरा भरभर जाऊन या." लग्नानंतर बायकोनं उलगडा केला. या साडूंच्या भावकीत एकदा पाय अधू असलेला नवरा खुर्चीत बसवूनच दाखवला होता, तेव्हापासून येईल त्या उमेदवाराला चालवून बघायचं, असा त्यांनी नियमच केला होता. माझी चाल त्यांनी पास केली. मात्र 'डावा खांदा उतरतोय' हा शेरा मारायला विसरले नाहीत. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो. ते मात्र मला अजूनही 'पावणं' म्हणतात. माझी तपासणी पूर्ण झालेली नाही, असा त्याचा अर्थ मी घेतो.

त्यांचा धंदाच तसा होता. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत ते तपासनीस होते. ओतून आलेला लोखंडी भाग टांगायचा, बारक्या हातोडीनं टक् करून ठोकायचा आणि कान लावायचा. खणखणीत वाजला तर चांगला, भद्द वाजला तर आत कुठंतरी चीर. ज्या संशयावरून चारचौघांच्या घरात भांडणं होतात, तो घ्यायचा दाजींना पगार मिळत होता. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, पण टकटक सुटली नाही. नारळ, कलिंगड, माठ इथपर्यंत ठीक होतं, आमच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला त्यांनी होम चालू असताना प्रत्येक खोलीची भिंत वाजवून पाहिली आणि भटजींसमोर मोठ्यानं सांगितलं, "बेडरूमची भिंत पोकळ हाय." ती पोकळ नव्हती. पण त्या दिवसापासून माझी बायको त्या भिंतीकडे डोकं करून झोपत नाही.

रोज सकाळी ते दूध प्यायला कट्ट्यावर जायचे. तिथं म्हशी बांधलेल्या असतात, तुमच्यासमोर धार काढतात आणि फेसाळलेला पेला हातात देतात. आम्हा कोल्हापूरकरांचा हा जिभेचा लाड आहे. दाजींच्या दृष्टीनं तो पुरावा होता. आधी बादली उपडी करून दाखवायची, मग गवळ्यानं बाह्या कोपरापर्यंत वर सारायच्या, मग दाजी म्हशीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उकिडवे बसायचे आणि तिथून पहारा करायचे. एकदा गवळी वैतागून म्हणाला, "आण्णा, आता म्हशीच्या पोटातच पाणी असंल तर माजा काय इलाज न्हाय." दुसऱ्या दिवशी दाजी नेहमीपेक्षा लवकर गेले आणि म्हैस पाणी कधी पिते, किती पिते, याची चौकशी करू लागले. उन्हाळ्यात चटणी कुटून आणायची तर आक्काला एकटीला डंकावर, म्हणजे मिरची कुटायच्या गिरणीत, पाठवत नसत. आपल्या मिरच्या बदलतील म्हणून स्वतः डंकाशेजारी, तोंडाला रुमाल बांधून, डोळ्यांतून घळाघळा पाणी काढत बसायचे. डोळ्यांत तेल घालून जपणं आपण ऐकलेलं असतं. चटणी घालून जपणारा माणूस मी हाच एक पाहिला.

आक्काला या सगळ्याचं काहीच वाटत नसे. भाजीत मीठ पडलंय का, गॅस बंद केलाय का, कुलूप लागलंय का, हे ती एकदा सांगायची आणि दाजी उठून स्वतः बघून यायचे. माझ्या बायकोला ते बघवत नसे. "आक्का, तुझ्यावरबी विश्वास न्हाय व्हय गं ह्यांचा?" असं तिनं एकदा विचारलं, तर आक्का कुकरची शिट्टी घासत म्हणाली, "असू दे की. ज्या दिवशी हे माजं नुसतं ऐकून गप बसतील, त्या दिवशी मी देवीला नारळ फोडीन. पर त्याच्या आदी डॉक्टरला बोलवीन."

डॉक्टरला बोलवायची वेळ आली, पण ती वेगळ्याच कारणानं. एका सकाळी दाजी दूध पिऊन परत आले ते तणतणतच. डाव्या पायात चप्पल, उजवा पाय अनवाणी. "चोरली!" म्हणाले. "चालता चालता पायातनं चप्पल काढून न्हेली, आणि मला पत्त्या न्हाय! काय हाताची सफाई असंल!" त्यांचा संशय गवळ्यावर होता, बाह्या वर सारायला लावल्याचा त्यानं सूड घेतला, असा त्यांचा सिद्धांत. मला फोन करून बोलावलं. मी कट्ट्यापर्यंत चालत गेलो, तर चप्पल मधल्या वळणावर रस्त्याच्या कडेला व्यवस्थित पडलेली होती, एखाद्यानं देवळाबाहेर काढून ठेवावी तशी. मी ती आणून दिली. दाजी चपलेकडे बघत होते, मी दाजींकडे बघत होतो, आणि आक्का त्यांच्या पायाकडे बघत होती. अंगठ्याखाली खडा रुतून रक्त आलं होतं. आक्कानं तो खडा काढला. दाजींनी साधं हूं केलं नाही.

कंबर तर त्यांची कित्येक दिवस दुखत होती. पण दुखण्यावरही त्यांचा विश्वास नसल्यामुळं त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. मणक्याची गादी सरकून पायाची नस दबली होती. ऑपरेशन ठरलं. दाजींनी आदल्या दिवशी बॉलपेनानं डाव्या पोटरीवर ठळक लिहून घेतलं, 'हा पाय बरा आहे, हात लावू नये.' ऑपरेशन पाठीचं आहे, पायाचं नाही, हे डॉक्टरांनी परोपरीनं सांगितलं, दाजी म्हणाले, "असू दे, नडतंय का कुठं?" ऑपरेशन नीट झालं, कंबर दुखायची राहिली, पण उजवं पाऊल तसंच लुळं. उचलायला जावं तर पुढून लोंबायचं, आणि घोट्याच्या खाली हात लावला तर कळत नसे. डॉक्टर म्हणाले, नस हळूहळू जागी होईल, बरीच येईल, सगळी येईल की नाही ते आज सांगता येत नाही. त्या सबंध दवाखान्यात दाजींना पटलेलं एवढं एकच वाक्य होतं.

मग घरी व्यायाम घ्यायला फिजिओथेरपीच्या मॅडम येऊ लागल्या. तरुण, हसतमुख, जयसिंगपूरहून कोल्हापुरात येऊन राहिलेल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "काका, डोळे मिटा. मी कापूस लावते, कुठं लागला ते सांगा." दाजींनी डोळे मिटले, म्हणजे उजवा मिटला, डावा एवढासा किलकिला ठेवून ते कापसावर नजर ठेवून होते. सगळी उत्तरं बरोबर आली. मॅडम चकित झाल्या, मग त्यांना डावा डोळा दिसला. "काका, तुम्ही बघताय." "बगणारच की. तुमी लावताय का नुसतंच इचारताय, ते कोण बगणार?" मॅडमनी तळहातानं दाजींचे डोळे झाकून पुन्हा कापूस फिरवला, तेव्हा मात्र घोट्याखाली त्यांना काही सांगता येईना. आक्का पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती.

पुढं करंट द्यायचं यंत्र आलं. बटण दाबलं की अंगठा टुणकन वर यायचा. आक्कानं आनंदानं टाळी वाजवली. दाजी म्हणाले, "ही हालचाल लाईटची हाय, माजी न्हाय. बटण बंद करा, मग बगू." बटण बंद झालं आणि अंगठाही. टॉवेल जमिनीवर पसरून बोटांनी ओढणं, गोट्या उचलणं, पाऊल वर करायचा प्रयत्न करत राहणं, असे सगळे व्यायाम ते करायचे, पण आरोपीकडून जबाब घ्यावा तशा चेहऱ्यानं. सकाळी पायाला चमच्यानं ठोकून कान लावताना मी त्यांना स्वतः पाहिलंय. घरातली माणसं मन राखायला खोटं बोलतात, असं ठरवून त्यांनी मला पंच नेमलं. "साडूला खोटं बोलून मिळवायचं काय?" हा त्यांचा हिशेब. मी रोज संध्याकाळी जायचो आणि त्यांच्या अंगठ्यासमोर बसायचो. माझ्या बायकोनं सुचवलं, मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा, म्हणजे दाजींनाच दिसेल. दाजी म्हणाले, "मोबाईलमदी आता मेलेली माणसंबी गाणी म्हणायला लागल्यात. अंगठा हलवायला कितीसा येळ लागतोय?"

आणि मग ते झालं, ज्यामुळं सगळंच बिघडलं. एके दिवशी व्यायाम चालला होता. दाजी दात ओठ खाऊन, कपाळाच्या शिरा ताणून अंगठ्याकडे बघत होते. "हलला का?" त्यांनी विचारलं. मी काही बोलायच्या आत आक्का पायाशी वाकून म्हणाली, "हलला की! चांगला हलला!" दाजींनी श्वास सोडला आणि अगदी शांतपणे म्हणाले, "मी हलवायचा प्रयत्नच केला न्हवता."

तो सापळा होता. कारखान्यात हाताखालच्यांना मुद्दाम चिरका भाग देऊन लावायचे तसला. आक्काचा चेहरा एवढासा झाला. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. त्या दिवसापासून दाजींनी तिच्याशी बोलणं सोडलं आणि व्यायामही सोडला. "खोट्या मापावर काम करायचं न्हाय," म्हणाले. मॅडमनी मला बाहेर नेऊन सांगितलं, की पाऊल असंच लोंबतं राहिलं तर घोटा आखडून बसेल, आणि मग नस जागी झाली तरी पाय उचलणार नाही. "त्यांना ओरडा हवं तर, पण करायला लावा." मी ओरडलो. दाजींनी माझ्याकडे बघितलं आणि पडदा ओढून घेतला. खरं सांगायचं तर त्या वेळी मला त्यांचा भयंकर राग आला होता. एवढा संशय घेऊन माणूस जगतो कशाला, असंही मनात येऊन गेलं. पण दुसऱ्या दिवशी गेलो तर ते खिडकीत बसून रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाच्या पावलांकडे बघत होते, आणि राग धरवला नाही.

त्यांनीच वाट काढली. "पावणं," म्हणाले, "आजारी पडायच्या आदी मी चपलेचा जोड सांगितलता. त्यो झाला असंल बगा. घेऊन या." मी हबकलो. नवी चप्पल घालायची नाही, हे मॅडमनी शंभरदा बजावलं होतं. कळत नसलेल्या पायाला जखम झाली तर ती चिघळेपर्यंत पत्ता लागत नाही. आणि ही तर अस्सल कोल्हापुरी, जाड तळाची, पट्टा अजून कोवळा झालेला नाही. नवी कोल्हापुरी कुणालाही चावते. पहिले काही दिवस आपण सगळे तिला तेल पाजतो, लंगडत चालतो आणि तरी कौतुकानं मिरवतो. "तेच तर," दाजी म्हणाले. "माणूस तोंड बगून बोलतोय. चप्पल कुनाचं तोंड बगती? चावली तर चावली, न्हाय तर न्हाय."

मी जोड आणला, पण त्यांच्या घरी ठेवला नाही, माझ्या घरी ठेवला. आणि अट घातली. आधी मॅडमसमोर सगळा व्यायाम, मग मी चप्पल घेऊन येणार. अंगणात नळापर्यंत जायचं आणि यायचं, आणि लगेच मी पाय तपासणार. दाजींना तपासणीची अट फार आवडली. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली असा माणूस त्यांना शेवटी माझ्यात दिसला असावा. मॅडमपासून हे लपवलं, यात आक्काही सामील होती. दाजी तिच्याशी बोलत नव्हते, पण चपलेला तेल तीच लावून ठेवायची. मॅडम गेल्या की ती गुपचूप माझ्या पिशवीतून चप्पल काढायची आणि फेरी झाली की पुन्हा पिशवीत घालायची.

पहिल्याच फेरीत डाव्या पायाला चावली. दाजी "स्स" करून थांबले, मग उजव्या पायाकडे बघितलं. काही नाही. मी तपासलं तर उजव्या अंगठ्याच्या बुडाशीही लाल वळ उठला होता. चप्पल चावली होती. पायाला कळलं नव्हतं. "बोला, पंच," दाजी म्हणाले. मी खरं ते सांगितलं. त्यांनी मान हलवली, आणि मी आठवडाभर चप्पल आणली नाही. मग पुन्हा सुरू. डाव्या पायाची चप्पल हळूहळू मऊ झाली, त्या पायानं कुरकुर सोडली. उजव्या पायाकडून बातमी नाही. मधल्या काळात पाऊल मात्र उचलायला लागलं होतं. आधी टाच, मग चवडा, बटण बंद असताना अंगठाही. मला दिसत होतं, मॅडम मोजून सांगत होत्या, पण दाजींना ते पटेना. "हालतंय ते दिसतंय. पर माजं हाय असं आतनं वाटत न्हाय," म्हणायचे. दुसऱ्याचा पाय उसना घेतल्यासारखं.

आणि एका संध्याकाळी, मी घरात चहा घेत असताना, अंगणातून "आई गंऽऽ" अशी आरोळी आली. शेजारची माणसं भिंतीवरून डोकावली. मी धावलो, आक्का पिठाच्या हातानं धावली. दाजी नळाच्या ओट्यावर बसले होते, उजवं पाऊल मांडीवर, चप्पल एका हातात. डोळ्यांत पाणी होतं, डंकाशेजारी बसल्यासारखं. "पावणं, चावली!" म्हणाले. "हितं, अंगठ्याच्या बुडाशी! काय चावली वो!" मी वाकून बघितलं. वळ होता, जुन्याच जागी. मग दाजींचा चेहरा बदलला. त्यांनी चप्पल उलटी केली, पट्ट्यात बोट फिरवलं, तळ ठोकून कानाशी धरला आणि आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. "ह्यात कुनी टाचणी तर ठेवली न्हाय न्हवं?" मी शपथ घेतली. त्यांनी चप्पल पुन्हा घातली, पाऊल दाबलं, पुन्हा "स्स" केलं आणि मग लहान मुलासारखे हसत सुटले. हसता हसता आक्काला म्हणाले, "अगं, नुसती हुभी काय? तेल आण की." कितीतरी दिवसांनी ते तिच्याशी बोलले होते. आक्का आत गेली, आणि तेलाऐवजी पदर डोळ्यांना लावून तिथंच उभी राहिली. तेल मी आणलं.

मॅडमना कळायचं ते कळलं, आणि त्या आम्हा तिघांना एकत्र उभं करून इतक्या बोलल्या, की तेवढं मला शाळेतही कुणी बोललं नव्हतं. मग त्यांनी कापूस घेतला, तळहातानं दाजींचे डोळे झाकले आणि पाऊल तपासलं. वरची बाजू आली होती. अंगठा आला होता, टाच बरीचशी. तळव्याची बाहेरची कड आणि करंगळी मात्र मुकीच. "तेवढं येईल कदाचित," त्या म्हणाल्या, "कदाचित नाही येणार. चालायला अडचण नाही."

चालायला अडचण नव्हतीच. ते पुन्हा कट्ट्यावर जाऊ लागले. गवळ्यानं म्हणे त्यांना लांबून बघूनच बाह्या वर सारल्या. पण व्यायामाची सवय म्हणून आक्का रोज संध्याकाळी त्यांच्या पायाला तेल चोळते आणि चोळता चोळता मॅडमसारखी परीक्षा घेते. परवा मी गेलो तेव्हा तेच चाललं होतं. दाजी भिंतीला टेकून, डोळे मिटून बसले होते. आक्कानं टाच दाबली. "टाच," दाजी म्हणाले. घोटा. "घोटा." मग तिनं करंगळी धरली. दाजी थांबले. आक्काही थांबली, करंगळी तशीच दोन बोटांत धरून. बऱ्याच वेळानं दाजी म्हणाले, "अंगठा."

आक्कानं माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा पायाकडे. "व्हय," ती म्हणाली, "अंगठाच."

मी त्यांच्या डाव्या डोळ्याकडे बघत होतो. तो आता किलकिला होईल म्हणून वाट बघत होतो. आक्का तेलाची वाटी घेऊन चहा टाकायला आत गेली, तरी तो उघडला नाही. मला राहवेना. मी हळूच विचारलं, "दाजी, खरंच कळलं?"

"तुमची आक्का काय म्हणाली?"

"अंगठा म्हणाली."

"मग अंगठाच असणार की," ते म्हणाले, आणि डोळे न उघडताच त्यांनी चहा घेऊन येताना आक्काला अडू नये म्हणून पाय बाजूला घेतला.